उसने देव, घरचे भांडण

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि त्याच दिवशी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, नव्या देशाची राष्ट्रमुद्रा ठरवण्याचे काम तिघा नेत्यांवर सोपवले. फ्रँकलिनने फॅरोच्या सैन्यावर समुद्र लोटणारा मोझेस सुचवला. जेफरसनने रानातून वाट काढणारी इस्रायलची लेकरे सुचवली. जॉन अ‍ॅडम्सच्या मनात होता हर्क्युलिस. सोट्यावर रेललेला तरुण वीर, एकीकडे खडतर डोंगराकडे बोट दाखवणारी सद्गुणाची देवी, दुसरीकडे फुलांच्या वाटेवर बोलावणारी आळसाची. १४ ऑगस्टला पत्नी अ‍ॅबिगेलला लिहिलेल्या पत्रात अ‍ॅडम्सने स्वतःच कबूल केले की हे चित्र मुद्रेसाठी फार गुंतागुंतीचे आहे, शिवाय ते काही आपले मूळचे नव्हे. १७८२ मध्ये मुद्रेवर गरुड बसला आणि हर्क्युलिस मागे पडला.

‘आपले मूळचे नव्हे’ हा आरोप मात्र अमेरिकेच्या सुरुवातीच्या चित्रकलेतल्या सगळ्याच ग्रीक-रोमन देवदेवतांना चिकटला. नेहमीची मांडणी अशी असते: वसाहतीतल्या चित्रकारांनी युरोपची नक्कल म्हणून व्हीनस, नेपच्यून, बॅकस रंगवले, इथल्या व्यवहारी आणि धर्मभीरू लोकांना ते पचले नाही, चित्रकारांनी व्यक्तिचित्रांवर पोट भरले, मग १८२५ च्या सुमारास हडसन नदीचे खोरे रंगवणारी मंडळी आली आणि देशाला स्वतःची चित्रकला सापडली. या मांडणीत पुराणकथांच्या चित्रांच्या वाट्याला प्रस्तावनेतले दोन परिच्छेद येतात. मला ही मांडणी मुळातच चुकीची वाटते. देव उसने होते, हे खरे. पण त्यांच्यावरून झालेले भांडण अस्सल घरचे होते. जमीन कोणाची, शरीर कोणाचे, दुःख मोठ्याने सांगण्याचा अधिकार कोणाला आणि स्वतंत्र म्हणायचे कोणाला, हे प्रश्न या देशाने व्यक्तिचित्रांत टाळले आणि पुराणकथांच्या चित्रांत, कधी नकळत, उघडे केले. म्हणून ही चित्रे अडगळीतून बाहेर काढून मध्यभागी आणायला हवीत.

गुस्ताव्हस हेसेलियसपासून सुरुवात करू. हा स्वीडिश चित्रकार १७१२ मध्ये अमेरिकेत उतरला आणि डेलावेअर नदीच्या परिसरात आणि मेरीलँडमध्ये राहिला. त्याची ‘बॅकस आणि अ‍ॅरिअ‍ॅडनी’ आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे, मद्योत्सवाचे दुसरे चित्र फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत. अमेरिकेच्या भूमीवर रंगवल्या गेलेल्या पुराणकथांच्या अगदी पहिल्या चित्रांत ही दोन्ही मोडतात. कथा ठाऊक असेलच: क्रीटची राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅडनी थिसिअसला भूलभुलैयातून सोडवते, तो तिला नॅक्सॉस बेटावर झोपेत टाकून पळतो आणि मग मद्यदेव बॅकस येऊन तिच्याशी लग्न करतो. किनाऱ्यावर एकटी बाई, बाहेरून आलेला पाहुणा आणि सगळे गोड होते.

याच हेसेलियसने १७३५ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याच्या सांगण्यावरून तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांच्या दोन प्रमुखांची व्यक्तिचित्रे काढली, टिशकोहान आणि लापोविन्सा यांची. अंगावर घोंगडी, गळ्यात कातड्याची पिशवी, कपाळावर आठ्या. चेहऱ्यांवर कोणताही मुलामा नाही. युरोपीय चित्रकार मूळ रहिवाशांना एकतर राक्षस करीत किंवा ग्रीक पुतळा. हेसेलियसने दोन थकलेली, सावध माणसे रंगवली. त्या सावधपणाला कारण होते. दोनच वर्षांनी, १७३७ मध्ये, विल्यम पेनच्या मुलांनी एक जुना करार पुढे केला: माणूस दीड दिवसात जेवढा चालेल तेवढी जमीन आमची. लेनापेंना वाटले, रमतगमत, नदीच्या कडेने चालतील. पेन मंडळींनी आधीच रान साफ करून वाट काढून ठेवली आणि तीन दमदार गडी भाड्याने आणले. दोघे मध्येच गळाले, तिसऱ्याने साठ मैलांच्या वर मजल मारली आणि लेनापेंच्या हातून त्यांचा प्रदेश गेला. पावलांनी मोजून जमीन मागणाऱ्या पाहुण्याची गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बळीराजाला वामनाने तीनच पावले मागितली होती.

कला-इतिहासात या चित्रांची भेट होत नाही. बॅकसचे चित्र ‘युरोपीय प्रभाव’ या सदरात जाते, लेनापेंची चित्रे ‘वसाहतकालीन इतिहास’ या सदरात. मला ती शेजारी हवी आहेत. एकाच कुंचल्याने एका चित्रात किनाऱ्यावर उतरलेला पाहुणा हे सौभाग्य म्हणून रंगवले आणि दुसऱ्यात त्या पाहुण्याला सामोरा गेलेल्या माणसाचा चेहरा. दोन्ही पाहिल्याशिवाय एकही कळत नाही.

जॉन सिंगलटन कॉपलीबद्दल थोडक्यात सांगतो. बॉस्टनच्या या पोराने १७५४ च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, नेपच्यूनची जलयात्रा, गॅलेशिया आणि व्हल्कनचा भाता रंगवला, तेही युरोपातून आलेल्या छापांवरून, म्हणजे चित्रांच्या कोरून छापलेल्या प्रतींवरून. छाप काळेपांढरे असत, म्हणजे समुद्रदेवाच्या घोड्यांचा आणि जलकन्यांच्या कांतीचा रंग त्याने मनानेच ठरवला. नक्कल म्हणून हिणवताना हे विसरले जाते. पुढे तो मोठा व्यक्तिचित्रकार झाला आणि बॉस्टनमध्ये चित्रकाराला सुतार, शिंपी, चांभार यांच्यापेक्षा निराळे कोणी समजत नाही म्हणून पत्रातून तक्रार करीत राहिला. सुतार-चांभारांच्या पंक्तीत बसायला लाज कसली, असे मला वाटते. पण त्याची तडफड खरी होती.

त्याच बॉस्टनमध्ये, त्याच छापांच्या बाजारात, एक मुलगी होती. १७६१ मध्ये ‘फिलिस’ नावाच्या जहाजातून पश्चिम आफ्रिकेतून आणलेली, सात-आठ वर्षांची. व्हीटली कुटुंबाने तिला विकत घेतले आणि जहाजाचेच नाव तिला दिले. फिलिस व्हीटली लॅटिन शिकली, कविता लिहू लागली. तिच्या कविता तिच्याच आहेत यावर गोऱ्या जगाचा विश्वास बसावा म्हणून बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांनी सहीनिशी ग्वाही दिली, त्यात गव्हर्नर हचिन्सन होते आणि जॉन हॅनकॉकही. १७७३ मध्ये लंडनमध्ये तिचे पुस्तक निघाले. त्या पुस्तकात एक दीर्घ कविता आहे नायोबीवर. शीर्षकातच तिने आधार सांगितला आहे: रोमन कवी ओव्हिडचे काव्य आणि रिचर्ड विल्सन या चित्रकाराचे चित्र. मूळ चित्र इंग्लंडात होते आणि त्यावरून कोरलेला छाप १७६१ मध्ये, म्हणजे तिला बॉस्टनच्या धक्क्यावर उतरवले त्याच वर्षी, बाजारात आला होता.

ही कविता चित्रासमोर ठेवून वाचा. नायोबी राणीला सात मुलगे आणि सात मुली. त्या भरात तिने देवमाता लेटोला कमी लेखले, म्हणून अपोलो आणि डायना या भावंडांनी बाण मारून चौदाही लेकरे संपवली. विल्सनच्या चित्रात डोळ्यांत भरते ते वादळ, काळे ढग, खडक, वाकलेली झाडे. माणसे त्या पसाऱ्यात लहान आहेत. ओव्हिडच्या कथेत नायोबीचा गर्व हा तिचा गुन्हा आहे. व्हीटली काय करते? ती वादळ बाजूला सारते आणि आईला पुढे आणते. गर्वाची गोष्ट ती वगळत नाही, पण सुरुवातीलाच सांगते की लेकरांवर तुझे प्रेम थोडे कमी असते तर तू अधिक सुखी झाली असतीस, तुझी अतोनात मायाच त्यांच्या नाशाची घाई करते आहे. दोष मायेचा. आणि शेवटी एकच मुलगी उरते तेव्हा नायोबी ओरडते, एवढी एक तरी ठेवा; आणि डोंगर तेच शब्द परत देतात, एवढी एक तरी ठेवा. मुलगी आईच्या मिठीतच मरते. त्यानंतर नायोबीचा दगड होतो, हा कथेचा सर्वांत प्रसिद्ध भाग. छापील पुस्तकात त्या कडव्याखाली टीप आहे: इथून पुढचे दुसऱ्या कोणाच्या हातचे. आईला दगड करण्याचे काम त्या पुस्तकात दुसऱ्याच हाताने केले आहे.

याच पुस्तकात दुसरीकडे, ब्रिटिश मंत्री लॉर्ड डार्टमथला उद्देशून लिहिताना, व्हीटली विचारते की मला हिसकावून नेले तेव्हा माझ्या जन्मदात्याच्या छातीत काय कालवले असेल. नायोबीची कविता या ओळींच्या सोबत वाचली की उसन्या देवांची भाषा कोणाच्या कामाला आली ते दिसते. स्वतःच्या आईबद्दल रडण्याची मुभा नसलेल्या मुलीने ग्रीक राणीच्या तोंडून हंबरडा फोडला. याला कोणी नक्कल म्हणणार असेल तर मला त्याच्या वाचनाचीच काळजी वाटते.

आणखी एक कविता तिने ‘एस. एम.’ या आफ्रिकी तरुण चित्रकाराला लिहिली. हा सिपिओ मूरहेड, बॉस्टनच्या एका पाद्र्याच्या घरचा गुलाम. कवितेच्या शेवटी ती म्हणते की परलोकात आपण डेमनचे प्रेमाचे उसासे आणि अरोराच्या डोळ्यांतली प्रभा यांची गोष्ट करणार नाही. म्हणजे डेमन आणि उषादेवी अरोरा या दोघांच्या बोलण्यातले, कामातले विषय होते. मूरहेडच्या हातचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे एकही चित्र उरलेले नाही. १७७३ च्या बॉस्टनमध्ये दोन गुलाम तरुण पुराणकथांची चित्रे आणि कविता यांवर एकमेकांशी बोलत होते, हे मात्र छापून उरले आहे. ज्या संग्रहालयांत कॉपलीचा नेपच्यून दिमाखात टांगलेला असतो तिथे त्या चित्राशेजारी ही कविता का नसावी?

आता टोपीचा वाद. १७९० मध्ये फिलाडेल्फियाचा पण लंडनमध्ये राहणारा चित्रकार सॅम्युएल जेनिंग्ज याने आपल्या गावच्या लायब्ररी कंपनी या ग्रंथालय-संस्थेला एक चित्र देऊ केले. विषय त्याने सुचवले ते सारे जुन्या पठडीतले: इतिहासाची देवता क्लायो, काव्याची कॅलायपी किंवा विद्येची मिनर्व्हा. संस्थेच्या संचालकांत गुलामगिरीला विरोध करणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक होते. त्यांनी कळवले की आम्हाला स्वातंत्र्यदेवी हवी, तिच्या पायाशी तुटलेली साखळी हवी. जेनिंग्जने तसेच रंगवले. गोरीपान देवी, हातात काठी, काठीच्या टोकाला मुक्तीची टोपी, समोर नम्रपणे वाकलेली काळी माणसे, आणि ती त्यांना पुस्तके देते आहे. मागे मोकळ्या मैदानात काळी माणसे स्वातंत्र्याच्या खांबाभोवती जमली आहेत. हे चित्र निर्दोष नाही. देवी देते आणि काळा माणूस घेतो, बसलेली ती आणि वाकलेला तो, ही मांडणी मला खटकते. तरीही १७९२ मध्ये अमेरिकी सार्वजनिक संस्थेच्या भिंतीवर गुलामगिरी संपली पाहिजे असे सांगणारे चित्र लागले, ते देवीच्या आडोशाने लागले. व्यक्तिचित्रातून ते सांगता आले नसते.

ती टोपी रोमची. गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर ती चढवत. साठ वर्षांनी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसद भवनाच्या घुमटावर बसवायच्या ‘फ्रीडम’ या पुतळ्याच्या आराखड्यात शिल्पकार थॉमस क्रॉफर्डने देवीला हीच टोपी घातली, तेव्हा बांधकाम ज्यांच्या खात्याकडे होते त्या युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी हरकत घेतली. हेच पुढे दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष झाले. त्यांचे म्हणणे, ही मुक्त केलेल्या गुलामाची खूण आहे आणि आमचे लोक तर जन्मतःच स्वतंत्र आहेत. टोपी गेली, शिरस्त्राण आले, वर गरुडाची पिसे लागली. आणि तो पुतळा ओतण्याच्या कामात फिलिप रीड नावाचा गुलाम राबत होता. १८६२ मध्ये राजधानीत गुलामगिरी संपली तेव्हा तो मोकळा झाला; २ डिसेंबर १८६३ ला पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला. पुराणकथा ही निव्वळ सजावट होती असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की मग सत्तेवरच्या माणसाला एका टोपीची एवढी धास्ती का वाटावी.

या सगळ्या चित्रांतले सर्वांत देखणे चित्र जॉन व्हँडरलिनचे. हडसनकाठच्या किंग्स्टन गावचा हा मुलगा पॅरिसमध्ये शिकला, आणि कार्थेजच्या भग्नावशेषांत बसलेल्या रोमन सेनानी मॅरिअसच्या चित्रासाठी १८०८ मध्ये त्याला नेपोलियनकडून सुवर्णपदक मिळाले. मग त्याने ‘नॅक्सॉस बेटावर झोपलेली अ‍ॅरिअ‍ॅडनी’ हाती घेतले आणि १८१२ च्या पॅरिस सलों या चित्रप्रदर्शनात मांडले. सव्वादोन मीटर रुंदीचे तैलचित्र, आज पेनसिल्व्हेनिया अकादमीत आहे. लाल आणि पांढऱ्या वस्त्रावर विवस्त्र अ‍ॅरिअ‍ॅडनी गाढ झोपली आहे, हात डोक्याशी मुडपलेला. भोवती दाट, ओलसर, गर्द हिरवी झाडी. ती एजियन समुद्रातल्या बेटाची वाटत नाही, किंग्स्टनजवळच्या रानाची वाटते. आणि मागे खूप दूर, नखाएवढे, थिसिअसचे गलबत निघाले आहे. पहिल्या नजरेत ते दिसतच नाही. शरीरावरून नजर हटवून शोधावे लागते.

चित्र अमेरिकेत आले तेव्हा गहजब झाला, तो नग्नतेवरून. व्हँडरलिनला पैसा मिळाला नाही. १८३१ मध्ये सहकलावंत अ‍ॅशर ड्युरँडने ते विकत घेतले आणि १८३५ मध्ये त्याचा अप्रतिम छाप कोरला. पण मला बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. सोळाव्या शतकापासून युरोपीय छापांत अमेरिका खंड म्हणजे झाडीत पहुडलेली नग्न स्त्री आणि किनाऱ्यावर जहाजातून उतरलेला पुरुष, अशीच प्रतिमा रूढ होती. व्हँडरलिनच्या चित्रात स्त्री तीच, रान तेच, फक्त जहाज जाते आहे. उपभोग घेऊन, दगा देऊन जाते आहे. चित्रकाराच्या मनात हे होते की नाही याने मला फरक पडत नाही. कॅनव्हासवर ते आहे. नव्या जगाची कहाणी थिसिअसच्या बाजूने न सांगता मागे राहिलेलीच्या बाजूने सांगणारे एवढे मोठे चित्र त्या काळात दुसरे नाही, असे माझे मत आहे.

आणि पुढे काय झाले पाहा. काँग्रेसने कॅपिटॉलच्या रोटंडासाठी, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनासाठी, याच व्हँडरलिनकडून ‘कोलंबसचे आगमन’ रंगवून घेतले. १८४७ मध्ये ते लागले. इथे जहाज आलेले आहे. कोलंबस झेंडा रोवून उभा, सारे वस्त्रालंकारांत. विवस्त्र आहेत ते मूळ रहिवासी, झाडाआडून पाहणारे. एका चित्रातली नग्नता अश्लील ठरली, दुसऱ्यातली देशाच्या संसदेत शोभली. हे चित्र १८६३ पासून ५ डॉलरच्या नोटेच्या पाठीवर छापले गेले, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी २ सेंटच्या टपाल तिकिटावर आले आणि त्या तिकिटाच्या अब्जावर प्रती निघाल्या. व्हँडरलिन स्वतः १८५२ मध्ये किंग्स्टनला हलाखीत वारला. जहाज येते तेव्हा देश त्याला छातीशी धरतो, जाते तेव्हा नजर वळवतो. अमेरिकनांना पुराणकथा रुचल्या नाहीत या जुन्या विधानामागे ही निवड दडलेली आहे.

विरोध केवळ सोवळेपणाचा होता असेही मी म्हणणार नाही. जॉन अ‍ॅडम्सने १८१७ मध्ये चित्रकार ट्रम्बुलला बजावले होते की कुंचला आणि छिन्नी आजवर सर्व देशांत हुकूमशाही आणि अंधश्रद्धेच्याच बाजूने लढत आल्या आहेत. राजांच्या महालांतल्या छतांवर ज्युपिटर कशासाठी रंगवला जातो हे त्याने पॅरिसमध्ये पाहिले होते. ही शंका लोकशाहीवाद्याची आहे आणि ती मला मान्य आहे. १८०५ मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनिया अकादमीने पॅरिसहून ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आणवल्या, तशाच प्रतिकृती गिरवून आपल्याकडे जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हात बसवला. फिलाडेल्फियात स्त्रियांना त्या पुरुषांबरोबर पाहू देत नसत, त्यांच्यासाठी वेगळी वेळ. पण लाज आणि शंका या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. अ‍ॅडम्सची शंका उचलून धरायची तर चित्र झाकून भागत नाही. ते कोणाच्या बाजूने बोलते, हे विचारावे लागते.

सॅम्युएल मोर्सची गोष्ट या संदर्भात मला फार बोलकी वाटते. १८१२ मध्ये अमेरिका-ब्रिटन युद्ध पेटलेले असताना हा तरुण लंडनमध्ये शिकत होता. ‘मरणोन्मुख हर्क्युलिस’ रंगवण्यासाठी त्याने आधी मातीचा नमुना केला आणि त्याला १८१३ मध्ये तिथे सुवर्णपदक मिळाले, शत्रूच्या राजधानीत. पुढे त्याने ‘ज्युपिटरचा न्याय’ रंगवले. १८१५ मध्ये मायदेशी परतल्यावर त्या चित्राला गिऱ्हाईक मिळेना. न्यू इंग्लंडच्या गावोगाव फिरून १५ डॉलरला एक अशी व्यक्तिचित्रे काढायची वेळ आली. रोटंडाचे काम मागितले, तेही १८३७ मध्ये हुकले. शेवटी चित्रकला सोडून त्याने तार यंत्रात डोके घातले आणि १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर पहिला संदेश गेला.

१८६५ मध्ये कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी या रोमहून आलेल्या चित्रकाराने कॅपिटॉलच्या घुमटात जमिनीपासून १८० फूट उंचीवर ‘वॉशिंग्टनचे दैवतारोहण’ रंगवले. व्हल्कन तोफेशेजारी, सेरेस कापणीच्या यंत्रावर, व्हीनस अटलांटिकपार जाणारी तार समुद्रात सोडते आहे. आणि मिनर्व्हा ज्यांना विद्या देते आहे त्या माणसांत फ्रँकलिन आणि आगबोटवाल्या फुल्टनच्या सोबत आहे मोर्स. हर्क्युलिस रंगवणाऱ्या मोर्सला देशाने जागा दिली नाही. यंत्र करणाऱ्या मोर्सला देवीच्या पायाशी बसवले. म्हणजे १८६५ पर्यंत देव चालत होते, फक्त त्यांनी यंत्रांची आणि सत्तेची वाखाणणी करायची होती. युद्ध नुकतेच संपले होते, चाळीस लाखांच्या आसपास माणसे गुलामीतून सुटली होती. त्यांच्यातले कोणीही त्या छतावर नाही.

आजचा प्रश्न इथून सुरू होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की केंद्र सरकारच्या इमारतींसाठी अभिजात ग्रीक-रोमन शैलीला प्राधान्य द्यावे, राजधानीत तर तीच मुख्य शैली असावी. २०२६ हे स्वातंत्र्याचे अडीचशेवे वर्ष, त्यामुळे खांब, कमानी, देवता यांच्याकडे शुद्ध वारसा म्हणून बोट दाखवणे वाढले आहे. दुसऱ्या बाजूला अनेक शहाण्या, संवेदनशील माणसांना हा सगळाच ठेवा मालकांचा दागिना वाटतो. त्यांचाही मुद्दा पोकळ नाही. मळ्यांवरच्या माणसांना सीझर, पॉम्पी, व्हीनस अशी नावे ठेवली जात. खुद्द जेफरसनच्या तबेल्यात राबणाऱ्या, त्याच्याच वयाच्या गुलामाचे नाव ज्युपिटर होते. देवाचे नाव देऊन माणसाला घोडा हाकायला लावणे हा क्रूरपणा ज्याने ओळखला, त्याला ग्रीक मंदिराच्या खांबांचा तिटकारा येणे साहजिक आहे.

तरीही मी या दुसऱ्या बाजूलाही जाणार नाही, आणि माझे कारण अस्सल मराठी आहे. १८७३ मध्ये, व्हीटलीच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले. त्या पुस्तकात फुल्यांनी पुराणे फेकून दिली नाहीत. वामनावताराची कथा हातात घेतली आणि बळीच्या बाजूने सांगितली. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे घराघरांतल्या बायका म्हणत आल्या, त्यांचा बळी त्यांनी परत मिळवला. कथा ज्याच्या हातात तिचा अर्थ त्याचा, ही गोष्ट जोतीरावांना पक्की ठाऊक होती. व्हीटलीलाही होती. कथा सोडून दिली की ती मालकाचीच राहते.

म्हणून मागणी साधी आहे. या चित्रांना ‘नक्कल’ म्हणून प्रस्तावनेत संपवू नका आणि ‘वारसा’ म्हणून संगमरवरात गोठवूही नका. कॉपलीच्या नेपच्यूनशेजारी व्हीटलीच्या ओळी लावा आणि मूरहेडचे नाव लिहा. हेसेलियसच्या बॅकसशेजारी टिशकोहान आणि लापोविन्सा आणा, निदान त्यांची छायाचित्रे आणि चालून जमीन मोजण्याच्या त्या कराराची हकीकत. रोटंडात कोलंबसचे आगमन पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला याच हाताने रंगवलेले दुसरे जहाज कोणत्या दिशेने गेले ते कळू द्या. घुमटावरच्या देवीच्या डोक्यावरची टोपी कोणी आणि का काढली, हे शाळेच्या सहलींना सांगा, आणि सोबत फिलिप रीडचे नावही.

याला नवी खरेदी लागत नाही. हेसेलियसचा मद्योत्सव आणि व्हँडरलिनची अ‍ॅरिअ‍ॅडनी पेनसिल्व्हेनिया अकादमीच्या संग्रहात आहेत, जेनिंग्जची स्वातंत्र्यदेवी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर लायब्ररी कंपनीकडे. तिन्ही एकाच शहरात, ज्या शहरात हर्क्युलिस सुचवला गेला आणि बाजूला पडला. ती एका दालनात, एका हंगामापुरती का होईना, समोरासमोर टांगायला दोन संस्थांचा एक पत्रव्यवहार पुरेसा आहे.